सुपडू आप्पांची बोर्डपरीक्षा

आमच्या गल्लीत नवं दुकान उघडलं की उद्घाटनाच्या दिवशी सुपडू आप्पा समोरच्या ओट्यावर डोळे मिटून उभे राहतात. देवाचं नाव घेत असतील असं पाहुण्यांना वाटतं. मग आप्पा एकदम डोळे उघडतात, दुकानाच्या बोर्डाकडे बघत मोठ्यानं "एक, दोन, तीन" मोजतात आणि डोळे पुन्हा गच्च मिटून ओरडतात, "गयी गाडी!" तेवढ्यात बोर्ड वाचून झाला तर दुकानदार पास. नाही झाला, तर आप्पा त्याला चारचौघांत नापास करतात आणि वर त्याचाच पेढा खातात.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म नंदुरबार-नवापूर करण्यात गेला. धावत येणारा माणूस बसच्या कपाळावरची पाटी बघतो आणि तेवढ्यात चढायचं की नाही ते ठरवतो, हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलेलं. "गाडीवर कधी लिखेल व्हतं का, ड्रायव्हरना आजाना आशीर्वाद शे म्हनीसन?" ते विचारतात. "गावनं नाव ऱ्हास. बस!"

कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं हौसेनं पिवळ्या बोर्डावर सोनेरी अक्षरं काढून घेतली. दुपारचं ऊन पडलं की त्यातलं एक अक्षर दिसेल तर शपथ. आप्पांनी तीन मोजले आणि विचारलं, "हाई दुकान शे का कढी?" तेव्हापासून त्याला सगळे कढीवालाच म्हणतात. धंदा मात्र वाढला, हे त्याला कबूल करवत नाही.

पैकीच्या पैकी मार्क मिळाले ते एकट्या रशीदचाचांना, आणि त्यांच्याकडे बोर्डच नाही. दारात फाटकी गादी, शेजारी कापसाचा ढीग आणि त्यात भुवयांपर्यंत पांढरे झालेले चाचा. "हाऊ खरा बोर्ड!" म्हणून आप्पा त्यांना रोज सलाम ठोकतात. चाचा म्हणतात, "अरे आप्पा, हम काम कर रहे, बोर्ड किधर का?"

आता माझी फजिती सांगतो. मी सुरतेची नोकरी सोडून होळीला इथे पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जम बसला तर ठीक, नाहीतर पुन्हा सुरत, असं बायकोशी ठरलेलं. सुरतेच्या शेठनं जागा तेवढ्यापुरती राखून ठेवली होती.

फ्लेक्सवाला बोर्ड झकास करतो म्हणाला. झकास म्हणजे काय ते मी विचारलं नाही, ही माझी चूक. मधोमध अंडाकृती चौकटीत हात जोडलेला मी, भोवती झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना समया. दुरुस्तीचा मजकूर खाली, मुंगीच्या अक्षरांत. आप्पांनी मोजलं, डोळे मिटले आणि हळहळून म्हणाले, "गयी गाडी. भला मानूस व्हता."

मी हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी रनाळ्याची मावशी टेम्पो भरून बायका घेऊन दारावर आली. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. गावच्या कुणीतरी बाजारातून जाताना बोर्ड पाहून निरोप नेला होता. बायकांनी दुकानासमोर बसून असा गळा काढला, की मी मिक्सरचं भांडं हातात घेऊनच बाहेर धावलो.

मावशीनं पदर बाजूला केला. "आरे, तू तं जित्ता शे!"

आठ बायका आल्या होत्या, मिक्सर एकीनंही आणला नव्हता.

त्या संध्याकाळी मीच आप्पांना शरण गेलो. त्यांनी फ्लेक्स उतरवला, एका पत्र्याला पांढरा रंग फासला आणि वर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलं, "पंखा बंद शे? आन."

"आप्पा, अहिराणीत? लोक गावंढळ म्हणतील."

"तुन्हं गिऱ्हाइक घरमा कोनती भाषा बोलस?" ते म्हणाले. "पंखा बंद पडना का त्यानी बायको त्याले हाईच सांगस."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोरीटचा एक माणूस मोटारसायकलवर पंखा आडवा बांधून आला. आठवड्यात सात पंखे आले. सुरतेएवढी मिळकत अजून नव्हती, पण दुकानात बसायला लाज वाटेनाशी झाली. मी पेढे घेऊन आप्पांच्या घरी गेलो.

आतल्या खोलीत भिंतीला एक जुना पत्र्याचा बोर्ड टेकवलेला होता. वर कुलदेवता, खाली तीन कैलासवासी पूर्वज, मग आशीर्वाद, मग शुभेच्छुक मंडळी. अगदी तळाशी, जागा संपल्यामुळे दाटीवाटीनं, 'सायकल दुरुस्ती'. मला हसू फुटलं.

"हा कोण महाभाग, आप्पा?"

"मी," आप्पा म्हणाले. "मन्हा आंडोरनं दुकान व्हतं. बोर्ड मी लिखेल शे. त्यानं सांगेल व्हतं, बाबा, नुसती सायकल काढा. मी ऐकं नही. पूर्वज कसा सोडाना?" त्यांनी बोर्डावरची धूळ हातानं पुसली. "लोके समोरून पंक्चर सायकल ढकलत जायेत. दोन महिनामा दुकान बंद. पोऱ्या सुरतले निंघी गया. आते तठेच शे."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. या माणसाला मी इतके दिवस खोडसाळ म्हातारा समजत होतो, याची फार लाज वाटली.

"तो रागावला का?"

"नही ना. येक शब्द बी बोलना नही." आप्पांनी पेढ्याचा डबा हातात घेतला, उघडला नाही. "तू आखाजीनंतर जाशी का?"

"नाही जाणार."

"दुकान नही चालनं तरी?"

आप्पा माझ्याकडे असे बघत होते, की मी "तरी नाही" म्हणून मोकळा झालो. आप्पांनी डबा उघडला आणि पहिला पेढा मलाच भरवला. बायकोला हे अजून सांगायचंय.