मलमांची अदलाबदल

ओंदिनाच्या हनुवटीवर राठ केस उगवले आणि तिने आरशापुढे असा टाहो फोडला, की चिलीतल्या वालपाराइसो शहराच्या उतारावरून चाललेला पाववाला थबकला. त्याच आठवड्यात आपल्या सलूनमध्ये ती एका गिऱ्हाइकावर एवढी खेकसली, की ती बाई अर्धवट कापलेल्या केसांनिशी पळाली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "ओंदिना, टेस्टोस्टेरॉन आभाळाला आणि इस्ट्रोजेन तळाला! काय लावतेस तरी काय?"

ओंदिना मुलगा म्हणून जन्मली होती. तरुणपणी तिला कुठलाच डॉक्टर दारात उभं करत नसे. तेव्हा थोरली बहीण मेलानिया स्वतःच्या नावाने इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणायची. दोघी चुलीपाशी बसून अंदाजाने प्रमाण ठरवायच्या. प्रमाण चुकलं, की एकदम रडायच्या आणि मग पोट धरून हसायच्या. आता मेलानिया नव्हती. तिचा नवरा एवारिस्तो गळून गेला होता, म्हणून ओंदिना त्याच्याकडे राहायला आली होती. डॉक्टरांनी त्यालाही तिच्या इस्ट्रोजेनच्या मलमासारखंच अंगाला चोळायचं मलम दिलं होतं, टेस्टोस्टेरॉनचं.

घरी येऊन तिने चष्मा लावला आणि न्हाणीघरातलं कपाट उघडलं. दोन सारख्याच पांढऱ्या नळ्या. तिच्या कप्प्यात त्याची, त्याच्या कप्प्यात तिची! सफाई करताना तिनेच घोळ घातला होता.

"अगं बाई! म्हणूनच दाजी रडतात!"

खरंच, महिनाभर एवारिस्तो रेडिओवर बोलेरोचं हळवं गाणं लागलं की रडत होता, मेलानियाचा एप्रन दिसला की रडत होता. ओंदिनाने त्याला धरूनच तपासणीला नेलं.

रिपोर्ट आला. इस्ट्रोजेन वाढल्याचं नावही नव्हतं.

"दाजी, नळी तर अर्धी संपलीय!"

"रोज थोडं बेसिनमध्ये सोडत होतो," तो पुटपुटला. "चिकट लागतं गं ते. आणि नाही म्हटलं, तर तू ऐकतेस थोडीच?"

"मग ते रडणं?"

त्याने टोपी कुरवाळली. "ते माझं मीच रडतो. मेलानिया गेली तेव्हा रडायला जमलंच नव्हतं."

ओंदिनाने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला. दोघांचे डोळे भरून आले.

"ओंदिना," नाक पुसत तो हळूच म्हणाला, "क्लबातल्या माझ्या दोस्तांना मात्र सांग हं, हे रडणं मलमानेच झालं म्हणून."