चाळीसच्या चाळीस उंदीर

अनुजाच्या चाळीस उंदरांपैकी वीस चमकायला हवे होते आणि वीस अंधारात गडप व्हायला हवे होते. त्या सोमवारी दुपारी चाळीसच्या चाळीस चमकले.

परळच्या एका संशोधन संस्थेतले हे काळे उंदीर काही चिवड्याचा पुडा कुरतडणाऱ्यांपैकी नव्हते. त्यातल्या विसांच्या अंगात जेलीफिशचा एक जनुक होता. रोगाशी लढणारी पेशी शरीरात तयार झाली, की ती निळ्या दिव्याखाली हिरवी चमकून 'मी आले' अशी वर्दी द्यायची. त्या पेशी कुठं जन्मतात, कधी शहाण्या होतात, हे अनुजा तीन वर्षं शोधत होती. उरलेले वीस बिनदिव्याचे, तुलनेपुरते. पिवळा चष्मा लावायचा, कानावर निळा उजेड टाकायचा, की कोण कुठला ते कळायचं. आज मात्र कळेनासं झालं होतं.

"सगळे चमकतात? मग चांगलंच की गो बाय," सीतारामकाका म्हणाले. "विसाचे चाळीस झाले."

"अहो काका, वर्गात सगळ्यांचाच पहिला नंबर आला, तर परीक्षा कसली?"

सीताराम परब सव्वीस वर्षं उंदरांची खोली सांभाळत होते. पिंजरे धुवायचे, दाणापाणी बघायचे आणि उंदरांना नातवंडांसारखं दटावायचे. शुक्रवारी अनुजानं ओळखीसाठी चाळिसांच्या कानांना बारीक खाचा पाडल्या, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. रक्ताचे ठिपके पाहून अनुजाचंही तोंड उतरलं, तर म्हणाले, "तू जा भोईवाड्याक, घराक. दोन दिवस मी बघतंय."

अनुजानं आधी दिवा बदलला. उंदीर चमकले. शेजारच्या प्रयोगशाळेतून चष्मा मागून आणला. उंदीर चमकले. रिकाम्या पिंजऱ्यावर उजेड टाकला, तर मिट्ट काळोख. म्हणजे दिवा निर्दोष, चष्मा निर्दोष. प्रयोगशाळेचे प्रमुख हर्षवर्धन सर यांना बोलावण्यावाचून इलाज उरला नाही. सर डबा अर्धा टाकून आले, पिवळा चष्मा चढवून पहिल्या पिंजऱ्यातच डोकावले आणि नीट ओरडता यावं म्हणून त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"पैदाशीत गडबड आहे! यांच्या आयांच्या पिंजऱ्यात चमकणारा नर सोडला कुणी?"

"सर," सीतारामकाका ताठ झाले, "सव्वीस वर्षांत माझ्या खोलीत कोणाचं लफडं झालं नाय."

"मग हा उजेड काय आभाळातून पडला? चार वाजता सगळे मारून टाका. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

अनुजा मटकन स्टुलावर बसली. तीन वर्षं! घड्याळात अडीच वाजले होते.

"पोरांचा काय दोष, सर?" काका पुटपुटले.

"पोरं नाहीत ती! आणि या खोलीत बाहेरचा कणसुद्धा येता कामा नये, हा नियम तुम्हाला कितीदा..." सर बोट रोखून पुढे वाकले. अनुजाच्या हातातला दिवा अजून चालूच होता.

"सर, हलू नका."

"का?"

"तुमची मिशी चमकतेय."

सरांनी चष्मा लावूनच स्टीलच्या कपाटाच्या दारात पाहिलं. मिशीच्या डाव्या टोकाला चार केस हिरवेगार पेटले होते.

"माझ्यात कुणी घातला जनुक?"

"जेवणात काय होतं, सर?"

"आमटी. बायकोनं... का?"

"हळद!" अनुजा ताडकन उठली. "निळ्या उजेडात हळद अश्शीच चमकते." मग ती सावकाश वळली. "काका, हातमोजे काढा."

"कशाक?"

"काढा हो."

काकांचा अंगठा आणि तर्जनी निरांजनासारखी उजळली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले, पण आता काय उपयोग?

"कान कापलेस तू, एवढ्याएवढ्याशा जिवांचे," ते खाली मान घालून म्हणाले. "शनिवारी चिंचपोकळीला आमच्याकडे नातीचे कान टोचले. बायकोनं, कौसल्येनं, खोबरेलात हळद कालवून लावली, तशी पोरगी रडायची थांबली. वाटीत उरली होती. म्हटलं, यांना कोण आहे?"

"आणि चाळिसांनाही लावलीत?"

"एकाला लावून दुसऱ्याला नाय कसं? तसला भेदभाव माझ्याकडे नाय."

"सीताराम!" सर कडाडले. "बाहेरची वस्तू आत आणलीत! याचा मी अहवाल..."

"लिहूया ना, सर," अनुजा अगदी गरीब आवाजात म्हणाली. "बाहेरून काय काय आलं ते सगळंच लिहावं लागेल. हळद आणि आमटी."

सरांनी मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला.

मग कान धुण्याचा सोहळा सुरू झाला. काकांनी एकेक उंदीर बाळंतिणीच्या बाळासारखा धरावा, अनुजानं ओल्या कापसानं कान पुसावा आणि सरांनी दिवा धरावा. पहिला विझला. दुसरा विझला. सातव्याची फक्त खाच काही केल्या विझेना, तेव्हा तिघंही तिच्यावर वाकले. हळद आत बसली होती, काडीला कापूस गुंडाळून काढली, तोही विझला. चारला पाच मिनिटं असताना वीस उंदीर काळोखात गेले आणि वीस पुसून पुसूनही चमकत राहिले.

"पण हळदीचा परिणाम?" सरांना आता नवीन काळजी लागली. "प्रयोग बाटला तो बाटलाच ना?"

अनुजा हसता हसता नाक पुसत होती. "नाही, सर. काकांनी फक्त विसांना लावली असती, तर बुडालो असतो. चाळिसांना सारखी लावली, म्हणजे तुलना जशीच्या तशी."

सरांनी काकांकडे पाहिलं. काका पिंजऱ्याची कडी तपासत होते.

पुढच्या खेपेला कानांसाठी बिनरंगाचं मलम रीतसर अर्ज होऊन आलं. पहिल्या पिल्लाला ते सरांनी स्वतः लावलं.

"फुंकर घाला, सर," सीतारामकाका म्हणाले. "झोंबतं त्यांना."

सरांनी दाराकडे एकदा पाहून मास्क खाली केला. अनुजाचा हात सवयीनं निळ्या दिव्याकडे गेला.

"आज उपास आहे माझा," सर म्हणाले आणि त्यांनी हळूच फुंकर घातली.