मेश्रामकाकांचं चिलखत

गेला उन्हाळाभर दर मंगळवारी सकाळी न्यूझीलंडच्या लोअर हटमधल्या आमच्या गल्लीत एक सामुराई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आणायचा. अंगात काळं चिलखत, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, पायांत जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हा सामुराई मूळचा नागपूरचा. मेश्रामकाका, हॉस्पिटलातून निवृत्त झालेले फार्मासिस्ट आणि माझे शेजारी.

"काहून हसतेस, वर्षा?" ते मला म्हणाले. "चिलखताची सवय अंगाला हळूहळू लागली पाहिजे. एकदम घातलं की साइड इफेक्ट होतात."

साइड इफेक्ट हा त्यांचा लाडका शब्द. वाऱ्याचे, निवृत्तीचे, मुलाला सिडनीत चांगली नोकरी लागल्याचे, सगळ्याचे साइड इफेक्ट. मी उपमा नेऊन दिला तरी त्यात काय काय घातलंय ते आधी विचारणार, मग वास घेणार, आणि डबा परत देताना म्हणणार, "गुण आला. कोर्स पूर्ण कर."

निर्मलाकाकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. सोबत होती ती पलीकडच्या केन्जी-सानांची. केन्जी-सान सुतार, त्यांना इंग्रजी बेताचं, काकांना जपानी शून्य. तरी संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून तासन् तास चहा पीत. "त्यांच्याकडेही बुद्ध, आमच्याकडेही बुद्ध," काका सांगत. "लांबचं नातं लागतं."

शरद ऋतूत इथली जपानी मंडळी शाळेच्या मैदानावर आपल्या देवाची जत्रा भरवतात. लाकडी देऊळ खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि त्याच्यापुढे जुन्या काळच्या पोशाखांतली मिरवणूक चालते. सगळ्यांत पुढे चिलखतात केन्जी-सान असायचे. चिलखत त्यांनी स्वतःच बनवलेलं. मग ते विसरायला लागले. आधी रस्ते, मग माणसं. गेल्या वर्षी त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

त्यांची बायको हारुको-सान ते चिलखत ऑप शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, देऊन टाकायला निघाली होती. काकांनी तिला फाटकातच थांबवलं. "मी घालतो," म्हणाले.

"तुम्ही कशाला, काका?" मी विचारलं.

"जत्रेत केन्जी-सानांना मिरवणूक बघायला आणणार आहेत. पुढची जागा रिकामी दिसली तर..."

जत्रेच्या दिवशी पाऊस होता आणि दक्षिणेचा बोचरा वारा. निम्मी माणसं आलीच नव्हती. तंबूच्या कडेला केन्जी-सान चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट. ढोल वाजला. रेशमी किमोनो, त्यावर धरलेल्या प्लास्टिकच्या छत्र्या, चिखलानं भरलेल्या सपाता. पुढे काका, छाती काढून, इतके सावकाश की मागचे त्यांच्यावर येऊन आदळत होते.

खुर्चीसमोर ते थांबले आणि कमरेत वाकले. केन्जी-सान ओल्या गवताकडे बघत होते. हारुको-सान त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मान वर केली नाही. ती पुन्हा बोलली. ढोलही थांबला.

काकांनी पुढे निघायला हवं होतं. ते चिखलात गुडघे टेकून बसले. त्या धक्क्यानं शिरस्त्राण त्यांच्या डोळ्यांवर घसरलं. हनुवटीखालची दोरी त्यांना कधीच धड बांधता आली नव्हती. मागे कुणीतरी हसलं.

तेवढ्यात ब्लँकेटखालून केन्जी-सानांचे हात बाहेर आले. त्यांनी शिरस्त्राण सरळ केलं, दोरी सोडली, काकांच्या गालांवरून ओढून घेतली आणि पुन्हा बांधली. दोन्ही टोकं ओढून सारखी केली. मग हात परत ब्लँकेटखाली गेले आणि नजर गवताकडे. हारुको-साननं तोंड फिरवलं.

परतताना काका गाडीत मान वाकवून बसले होते, कारण शिंगं छताला लागत होती. घर आलं तरी ते उतरेनात.

"त्यांनी मला ओळखलं नाही," ते म्हणाले. "चिलखतही नाही ओळखलं."

"गाठ सोडून देऊ का, काका?" म्हणत मी हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला.

"राहू दे थोडा वेळ. निर्मला गेल्यापासून माझ्या गळ्याशी कुणाचा हात आला नव्हता."

मी हीटर वाढवला. काचेवर पाऊस पडत होता.