काही सापडल्यास वाकळ फुकट!

विकण्याची कला अंगातच असावी लागते, आणि ती माझ्या अंगात आहे! हे मी म्हणत नाही, आमच्या कचेरीतला शिपाई आकाराम म्हणतो. "साहेब, तुमी ह्या कोल्हापुरात अळणी रस्सासुदिक इकून दावशिला!" असं तो मला नेहमी ऐकवतो. ऐकवून झाल्यावर मी त्याला चहा पाजतो, हा निव्वळ योगायोग.

त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं आणि आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे रूपालीला, त्यात एक टेबल मिळालं, तेव्हा मी ताबडतोब रजा टाकली. म्हटलं, "तुम्ही बायकांनी फक्त शिवायचं. विकायचं माझ्यावर सोडा!"

रूपाली सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाय सोडलं तर चालंल काय?"

रूपाली आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण हाफिजा, दोघी मिळून तान्ह्या बाळांच्या वाकळा शिवायच्या. रंगीत चिंध्या शिलाई मशीनवर जोडायच्या, थरावर थर घालायचे आणि हातानं बारीक धावदोरा मारायचा. अशी मऊ वाकळ व्हायची की बाळाचं सोडा, मलाच तिच्यात शिरून झोपावंसं वाटायचं. चिंध्या यायच्या कबनूरहून. हाफिजाभाभींचा नवरा इकबाल तिथं मागावर कामाला. तो स्कूटरवरून गठ्ठा घेऊन निघाला की मागून बघणाऱ्याला नुसता गठ्ठाच रस्त्यानं पळताना दिसायचा.

तो गठ्ठा फुटायचा आमच्या घरात! खुर्चीत चिंध्या, गादीत चिंध्या, चपलेत चिंध्या. आमचे वडील आप्पा, म्हणजे बाबासो गुरुजी, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले; देव, नवस, नैवेद्य घरात चालू न देणारे. एक दिवस त्यांच्या आमटीत पिवळी चिंधी निघाली. आधी त्यांनी ती कोथिंबिरीची वाळकी काडी समजून चावली. मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळ्या घराला वर्गात बोलावल्यासारखं समोर उभं केलं.

"सूनबाई, तुझ्या कामाला माझी ना न्हाय. पर माणसानं आमटीतनं चिंध्या किती दिवस उपसायच्या? ह्या प्रदर्शनात कायमचं काम मिळालं, तर हाफिजाच्या शेजारची खोली भाड्यानं घ्या आणि खुशाल शिवा. न्हाईतर मशीन माळ्यावर!"

रूपालीचा चेहरा एवढासा झाला. त्या मशीनवर तिचा फार जीव. दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर ती मशीनपाशी बसायची, आणि तेवढा वेळ ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. मला हे कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. ज्याच्या तोंडात एवढी साखर, तो बायकोपुढे मुका!

आशा एकच होती. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई प्रदर्शन बघायला येणार होत्या. त्यांना वाकळा आवडल्या तर वर्षभर काम. नाही आवडल्या तर माळा!

या सगळ्यात आमच्या आईचा, ललिताबाईंचा, उत्साह दांडगा. वाकळ कुणीही शिवो, तिचा शेवटचा कोपरा मिटवायचा मान आईचा. हाफिजाभाभी आपल्या वाट्याच्या वाकळासुद्धा तीन कोपरे शिवून आणायच्या आणि चौथा आईच्या पुढ्यात ठेवायच्या. मग तिघी स्वयंपाकघराचं दार लोटून बसायच्या. मी समजायचो, बायका आहेत, कुणाची तरी निंदा चालली असेल. निंदेला दार लावतात हे मला रास्तच वाटायचं.

पहिल्या दिवशी गर्दी झाली, पण विक्री होईना! लोक वाकळ उचलायचे, चिमटीत धरून चोळायचे आणि विचारायचे, "आत काय भरलंय?" बाजारात म्हणे कुणीतरी आत घाणेरडी फडकी भरून दुपटी विकली होती, त्यामुळे सगळं गाव संशयी झालेलं. संध्याकाळी रूपाली घड्या घालत बसली. ते बघून माझ्यातला विक्रेता खवळून उठला! तडक पेंटर गाठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलामागं हातभर बोर्ड लटकवला:

'शंभर टक्के स्वच्छ सुती कापड! आत दुसरं काहीही सापडल्यास वाकळ फुकट!'

हाफिजाभाभींनी बोर्ड वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "भावजी, ह्ये काढा!"

"का बरं?"

त्या काही सांगणार, एवढ्यात आप्पा आले. खास सुनेचं टेबल बघायला, टोपीबिपी घालून! त्यांनी बोर्ड दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. उभ्या आयुष्यात पहिली! "वा! स्वच्छ, शास्त्रीय आणि रोखठोक! पहिल्यांदाच अक्कल चालवलीस."

हाफिजाभाभींनी बोर्डाकडं पाठ केली. रूपाली खोकली. मी तिला पाणी दिलं. तिनं डोळे मोठे केले. मी समजलो, कौतुक. मग तिनं माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून! लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा हिला चारचौघांत असं लाडात यावंसं वाटतं, म्हणून मी चक्क लाजलो.

आणि तेवढ्यात आल्या तानाबाई! कोडोलीच्या. कार्यालयाच्या दारातूनच त्यांचा आवाज आधी आत आला, मागून त्या. नुकतीच नात झालेली, तिला वाकळ हवी होती. त्यांनी एक वाकळ उचलली, दाबली, उलटी केली, कानाशी धरून हलवली आणि एका कोपऱ्यावर येऊन थांबल्या.

"पावणं, हितं कायतर कडाक लागतंय."

"आजी, दोऱ्याची गाठ असेल."

"गाठ? उभा जलम वाकळा शिवण्यात गेला माजा. ही गाठ न्हवं."

"आजी, बोर्ड वाचा!"

"मला वाचाया येतंय व्हय? तूच वाच की!"

मी खणखणीत आवाजात वाचला. आजूबाजूचं पब्लिक गोळा झालं. तानाबाईंनी वाकळ माझ्यापुढं टाकली. "मग फाड की!"

"अवो, नको!" रूपाली ओरडली.

पण मला आता कोण आवरणार! मी कात्री उचलली, उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यासारखा सगळ्यांकडं हसून बघितलं आणि कोपरा कचकन कापला.

टेबलावर टक् करून काहीतरी पडलं. नखाएवढं, तपकिरी, कडक.

"भाकरी हाय!" गर्दीतून कुणीतरी किंचाळलं.

"छे! भाकरी कशी असेल? पुठ्ठा आहे तो! कोपरा ताठ राहावा म्हणून—"

तानाबाईंनी तो तुकडा उचलून हुंगला. "शाळूची हाय," त्यांनी निकाल दिला. "आन भाजलीया बी झ्याक."

आता कुणावर तरी ढकलणं भाग होतं. इकबाल शेजारीच गठ्ठ्यावर बसून दात कोरत होता. "इकबाल! चिंध्यांवर बसून डबा खातोस ना तू? सांडलं असणार तुझंच!"

"आरं, मी डबा खातो, पेरत न्हाय!" इकबाल उसळला. "दुसरी फाड, मग कळंल!"

दुसरी फाडली. भाकरी! तिसरी फाडली. भाकरी! मग मला कात्रीची गरजच उरली नाही. लोकांनी आपणहून कोपरे चाचपायला सुरुवात केली. "माज्यात बी हाय!" "ह्यात तर दोन हायती!" कोल्हापूरचा माणूस शब्दाला पक्का, आणि दुसऱ्याच्या शब्दाला तर फारच! बोर्डाकडं बोट दाखवत जो तो एकेक वाकळ काखेत मारायला लागला. मी दोन्ही हात पसरून टेबलावर आडवा पडलो, तर माझ्या पोटाखालून दोन वाकळा ओढून नेल्या.

अशा अवस्थेत वर बघतो, तर समोर पुण्याच्या बाई!

"हे काय आहे?" त्यांनी चष्मा सारखा करत टेबलावरच्या तुकड्यांकडं बोट दाखवलं.

"मॅडम, ते... सॅम्पल आहे!"

"खाण्याचं?"

"आतलं!"

बाईंनी दोन बोटांनी एक तुकडा उचलला आणि लगेच टाकला. "वाकळीत भाकरी? अहो, मुंग्या होतील, उंदीर लागतील! तान्ह्या मुलांचा माल आहे हा. शिवण सुरेख आहे, पण माझ्या दुकानात हे नाही चालायचं." आणि त्या पुढच्या आरसेकामाच्या टेबलाकडं निघून गेल्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं, हेच जास्त लागलं. रूपाली गठ्ठ्यावर मटकन बसली. हातातल्या सुईला उरलेला दोरा गुंडाळत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन माळ्यावर चढताना डोळ्यांपुढं दिसायला लागलं, आणि ते चढवणारा मीच!

आप्पांनी काठी आपटली. "भाकरी कुणी घातली?" त्या आवाजाला गर्दीतले दोनचार जण हात बांधून उभे राहिले. त्यांचे जुने विद्यार्थी असावेत.

"मी!" हाफिजाभाभी म्हणाल्या.

"न्हाय मामा, मी!" रूपाली उठली.

"त्या दोघी बी खोटं बोलत्यात," मागून आवाज आला. डबा घेऊन आई आली होती. "म्या घातली. समद्या वाकळांत."

"ललिता! आपल्या घरात नैवेद्य? हयातभर मी पोरांना काय शिकवलं आणि माझ्याच घरात—"

"नैवेद कुटला ओ? देवाला दिला व्हय म्या? वाकळंला दिला! माझी आई म्हणायची, वाकळ उपाशी मिटू नये. उपाशी वाकळंत पोराला झोप येत न्हाय."

"आमची अम्मीबी घालायची की," हाफिजाभाभी हळूच म्हणाल्या.

"देव न्हाय मानत आपण, कबूल," आई म्हणाली. "भूक तर मानतो न्हवं?"

आप्पांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. खरं सांगतो, त्या क्षणी मला आईचा भयंकर अभिमान वाटला.

"किती द्यायचं?" हा तानाबाईंचा आवाज. त्यांनी फाटक्या कोपऱ्याची वाकळ छातीशी धरली होती.

"फुकट आहे आजी," मी पुटपुटलो. "बोर्डावर—"

"गप रं! जलमल्या जलमल्या नातीच्या अंगावर फुकटचं पांघरूण घालू व्हय? जलमभर फुकटं खाईत बसंल की पोरगी!" मग त्या गर्दीकडं वळल्या. "आन तुमी गं बायांनो? जेवल्याली वाकळ मिळतीया कुटं बाजारात? ती घिऊन तशाच निघालाया? पोरांस्नी आतापास्नं फुकटची सवय लावा, मग बसा बोंबलत!"

काखेतल्या वाकळा हळूहळू बाहेर आल्या. कनवटी सुटल्या, पाकिटं उघडली. फाटलेले कोपरे शिवायला आई तिथंच फतकल मारून बसली. तुकडे बदलायला भाकरी हवी, म्हणून तिनं डबा उघडला. तो आप्पांचा होता. आपलं दुपारचं जेवण एकेका वाकळेत जाताना आप्पा बघत राहिले आणि शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अर्धी तरी ठेव गं."

जाताना तानाबाईंनी रूपालीचा हात धरला. "पोरी, आता सुनांस्नी वाकळा शिवाया सवड हाय कुटं? कोडोलीच्या दर बाजाराला घिऊन ये. आमच्याकडं पाळणं काय हालायचं थांबत न्हाईत!"

पुण्याचं दुकान गेलं ते गेलंच. पण कोडोली मिळाली, आणि कोडोलीवरून आसपासची गावं मिळाली. हाफिजाभाभींच्या शेजारची खोली घेतली. मशीन घरातून हललं, पण ते माळ्यावर न जाता हातगाडीवर बसून वाजतगाजत खोलीवर गेलं. हातगाडी मी ओढली.

कारखाना सुरू झाला तशी कामांची वाटणी झाली. विक्री तानाबाईंच्या ओळखीवर चालायची, त्यामुळे माझं खातं काढून घेण्यात आलं. तिघींना शिवण्यातून सवड नाही, म्हणून वाकळांसाठी लागणारी भाकरी दर रविवारी मी करायची, असं ठरलं. नव्हे, ठरवलं!

पहिल्या रविवारी मी घामाघूम होऊन तीन भाकऱ्या केल्या. रूपालीनं त्यातली एक उचलली आणि ओट्यावर आपटली. ओटा वाजला. भाकरीला काही झालं नाही!

"आत्ती, बघा तर!" ती आनंदानं आईकडं वळून ओरडली. "हिला मुंगी चिकटायची न्हाय, उंदराचा दात लागायचा न्हाय. वाकळंला ह्याच्यापेक्षा चांगली भाकरी सापडायची न्हाय!"

एवढं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच! माझी छाती फुगली. म्हटलं, "मग आज जेवायलाही माझीच वाढा की सगळ्यांना!"

आप्पांनी झटकन आपलं ताट मागं ओढलं. "आम्ही काय वाकळा हाय व्हय?"