पूजेत बसलेला लॅपटॉप

“पाच कशाला मॅडम? नऊच करू. नवमीला नऊ, आकडा कसा शोभून दिसतो.”

सिद्धेश हे वाक्य आकुर्डीच्या ऑफिसात बोलून गेला तेव्हा त्याच्या हातात चहा होता आणि समोर ऐकायला सगळी टीम होती. चहा आणि प्रेक्षक एकदम मिळाले की भल्याभल्यांचा तोल जातो, सिद्धेश तर जेमतेम तिशीचा.

प्रकरण असं होतं. त्याच्या कंपनीनं चाकणच्या एका मोठ्या गोदामासाठी ॲप बनवलं होतं. गोदामात नव्याकोऱ्या स्कूटर आणि मोटरसायकली, बाहेर त्या न्यायला आलेले ट्रक. ॲपनं पास दिला तरच गेट उघडायचं. दसऱ्याला तर ज्याला त्याला नवी गाडी दारात लागते, त्यामुळे आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, त्या गेटवर नुसती जत्रा. पासांची सगळी माहिती तीन मशीन आपसांत वाटून सांभाळायची. ही मशीन होती क्लाऊडवर, आणि तिथं एक सॉफ्टवेअर मुकादमाचं काम करायचं. त्याला आकडा सांगायचा, तो तेवढी मशीन कामाला उभी करायचा. गर्दी बघून आकडा आपोआप वाढवायचीही सोय होती, पण सिद्धेशचा तिच्यावर भरवसा नव्हता. स्वतःच्या हातानं केलं तरच काम झालं, असं मानणाऱ्यांतला तो.

नवमीच्या गर्दीसाठी तिनाची पाच मशीन करावीत, असं सुचवणाऱ्या त्याच्या साहेब मृदुला मॅडम म्हणाल्या, “नऊ तर नऊ. पण जबाबदारी तुझी. उद्या मी चाकणला गेटवरच उभी असणार आहे. काही बिघडलं तर हे गिऱ्हाईक गेलं म्हणून समज.”

“मॅडम, एक आकडा तर बदलायचाय. दात घासता घासता होईल.”

गडी शब्दाला जागला. नवमीच्या सकाळी नऊला मोशीच्या घरी त्यानं खरोखरच तोंडात ब्रश धरून तिनाच्या जागी नऊ टाकले. मुकादमानं सहा नवी मशीन उभी केली. ‘काम फत्ते’ असा मॅडमना निरोप टाकून सिद्धेशनं लॅपटॉप मिटला.

आता या घरातल्या खऱ्या मुकादमाची ओळख करून द्यायला हवी. भिमाबाई, सिद्धेशची आत्या, वय सदुसष्ट. इंद्रायणीकाठी शेती होती तेव्हा ती ट्रॅक्टर चालवायची. शेतावर इमारती आल्या, पण तिनं ट्रॅक्टर विकू दिला नाही. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींची जागा अडवून उभा होता आणि त्याबद्दल तक्रार करायची अजून कोणाची छाती झाली नव्हती. यंदा तर तिनं दसऱ्यासाठी स्वतःच्या नावानं स्कूटर बुक केली होती. तीही चाकणच्या त्याच गोदामातून निघणार होती.

“आधी अंघोळ करून ये,” आत्या म्हणाली. “पारोसा पूजेला उभा ऱ्हाऊ नको.”

सिद्धेश अंघोळ करून आला तर टेबल रिकामं. देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर कोयता, विळा, खुरपं, ट्रॅक्टरची किल्ली, आणि सगळ्यांच्या मधोमध कंपनीचा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं उठली होती आणि वर झेंडूचं टपोरं फूल होतं.

“आत्या, हा इथं कसा?”

“मंग कुठं बसवू? ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार आज पूजेला बसतं. आमचा कोयता, तुझं हे. तू मिटलंस, म्हणलं काम झालं.”

सिद्धेशला एकदम भरून आलं. आजवर घरात त्याच्या नोकरीला ‘बटणं दाबायचं काम’ म्हणत. आज तीच बटणं कोयत्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती. त्यानं मनापासून हात जोडले आणि नेमका फोन वाजला.

गेटवरचा सुपरवायझर भीमराज बोलत होता. “साहेब, काय केलंत ओ? काल पास चुटकीसरशी निघत होता. आता एकेकाला पाच-पाच मिनिटं लागायलीत. ट्रकांची रांग पार हायवेला टेकली.”

सिद्धेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सहा नवी मशीन आली होती रिकाम्या हातांनी. त्यांना वाटा द्यायचा म्हणून जुनी तीन मशीन आपल्याकडची माहिती उपसून देत होती, आणि वर गेटचंही काम बघत होती. मॅडमच्या हिशेबानं पाच केले असते तर दोघांनाच वाढावं लागलं असतं. यानं नवमीच्या नादात सहा जणांची पंगत बसवली होती.

उपाय सोपा वाटला. परत तीन करायचे. कंपनीच्या नियमानं तो आकडा फक्त त्याच लॅपटॉपवरून बदलायचा. त्यानं पाटाकडे हात नेला.

“हात मागं घे.”

“आत्या, दोनच मिनिटं. माझी नोकरी जाईल.”

“मांडलेली पूजा हालत न्हाई. निवद दाखवायचा, आरती करायची, मंग उचल.”

सिद्धेशनं शेवटचा बाण काढला. “अगं, तुझी स्कूटरसुद्धा त्याच रांगेत अडकलीय.”

आत्यानं क्षणभर विचार केला. त्या स्कूटरसाठी तिनं हेल्मेटसुद्धा आणून ठेवलं होतं. पण ती पाटासमोर फतकल मारून बसली. “अडकू दे. माझ्यापायी पूजा मोडायची न्हाई.”

आता या बाईपुढे कोण काय बोलणार? पुन्हा फोन वाजला. या वेळी मृदुला मॅडम.

“सिद्धेश, इथे सगळे म्हणतायत, आकडा परत तीनवर आण. आणतोयस ना?”

“मॅडम, आत्ता हात लावता येणार नाही.”

मॅडमनी आपल्या परीनं अर्थ लावला. “म्हणजे मध्येच मोडणं धोक्याचं आहे?”

सिद्धेशनं आत्याकडे पाहिलं. कोयता तिच्या हाताच्या अंतरावर होता. “फार धोक्याचं आहे.”

“किती वेळ लागेल?”

त्यानं फोनवर हात ठेवला. “आत्या, आरती कधी?”

“पुरण वाटायचं हाय अजून. बारा वाजतील.”

“बारा वाजतील, मॅडम.”

“नक्की?”

“इथं ठरलेलं सहसा बदलत नाही.”

“ठीक आहे. तोवर मी इथे खिंड लढवते,” मॅडम म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी ती लढवली. माणूस जीव तोडून आपल्या पाठीशी उभा आहे आणि आपण देवघरासमोर मांडी घालून बसलोय, या विचारानं सिद्धेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरती लवकर व्हावी म्हणून त्यानं स्वतः पुरणयंत्र पुढ्यात ओढलं, शिजलेली डाळ गच्च कोंबली आणि जोर लावला. यंत्र अडकलं.

“एकदम कोंबलं की असंच व्हतं,” आत्या म्हणाली. “आता उलटसुलट फिरवू नको, दांडा मोडंल. दमानं फिरव, जाईल सगळं खाली.”

सिद्धेश दमानं फिरवू लागला. अकरा वाजले. भीमराजचे फोन येत राहिले. साडेअकराला त्याचा आवाज जरा निवळला. “साहेब, आता मिनिटाला एक पास निघायला.” पावणेबाराला तो म्हणाला, “पासावर पास निघायलेत, गेट मिटायलाच सवड नाही साहेब, पळायलेत ट्रक. इतकं जोरात तर कधीच चाललं नव्हतं.”

बाराला आरती झाली. आत्यानं फूल बाजूला केलं आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत दिला. सिद्धेशनं तो उघडला आणि आतलं चित्र पाहिलं. बहुतेक सगळी माहिती केव्हाच नव्या मशीनांकडे गेली होती. धान्याची पोती नव्या गड्यांच्या खांद्यावर चढलेली, आणि हा सकाळी त्याच गड्यांना पोत्यांसकट दाराबाहेर काढायला निघाला होता. हजारो पास एका फटक्यात गायब झाले असते आणि दसरा गेटवरच साजरा करावा लागला असता. मोठमोठ्या कंपन्यांतल्या तज्ज्ञांनाही अशा वेळी हात आवरत नाही. आत्यानं तो नुसत्या पूजेच्या बळावर आवरला होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर दारात आली. आत्यानं तिला हार घातला, हेल्मेट चढवलं आणि पहिल्याच दमात सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. “सगळे अंगावर येत होते आणि तू एकटा ठाम राहिलास. एवढा संयम कुठून आणलास रे?”

“घरचं वळण आहे, मॅडम,” सिद्धेश म्हणाला. ते खोटं नव्हतं.

“दिवाळीला पुन्हा अशीच गर्दी येणार. तू काय केलंस ते पायरी-पायरीनं लिहून पाठव. सगळ्यांनी तसंच करायचं.”

सिद्धेश लिहायला बसला. पहिली पायरी, आकडा बदला, पण नऊ नको, पाचच. दुसरी, लॅपटॉप मिटा. तिसऱ्या पायरीपाशी तो बराच वेळ अडला. शेवटी त्यानं लिहिलं, ‘लॅपटॉप अशा व्यक्तीच्या ताब्यात द्यावा, जिला त्यातलं काही कळत नाही आणि जी कोणाचंही ऐकत नाही.’

मॅडमचं उत्तर लगेच आलं. ‘उत्तम कल्पना. अशी कोणी आहे का आपल्याकडे? मी आत्ताच बोलते.’

‘आहे,’ सिद्धेशनं कळवलं, ‘पण आत्ता ती स्कूटरवरून आळंदीला गेलीय. आणि फोन घरीच ठेवलाय.’