इनासकाकांची कोरी गिटार

कलाकाराची सही मिळावी म्हणून लोक रांगेत उभे राहतात. आमचे इनासकाकाही राहतात. खांद्यावर गिटार, खिशात जाड मार्कर, मध्ये कुणी घुसलाच तर त्याला हाताला धरून मागे नेऊन सोडतात. आणि स्वतःचा नंबर आला की कलाकाराशी हात मिळवतात, "छान गायलात हां" म्हणतात आणि सही न घेताच परत येतात.

वसईत काकांच्या केळीच्या वाडीला लागूनच आमची बिल्डिंग आहे. मी मूळचा देवगडकडचा, इथे नवा होतो. अंगणात गिटार पुसत बसलेला माणूस दिसला म्हणून कुंपणावरून विचारलं, "काका, वाजवता वाटतं?"

"मी? हे हात कोयत्याचे. ही ग्लेनची हाय, आमच्या पोराची. तो कॅनडात असतो."

तेव्हापासून मी त्यांचा हक्काचा स्कूटरवाला झालो. आसपास कुठेही गाण्याचा कार्यक्रम असला की काका इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासूनच तयार. मागे बसले की गिटार अशी आडवी धरतात की शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यांच्या शिव्या मला खाव्या लागतात.

ग्लेनने जाताना विमानतळावर सांगितलं होतं, "पप्पा, कोनी मोठा कलाकार आला तर माझ्या गिटारवर सही घेऊन ठेवा." काकांनी होकार दिला आणि घोळ तिथेच सुरू झाला. सही घ्यावी की नको, यावर त्यांनी फादरांपासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांचं मत विचारलंय. फादर म्हणाले, घ्या. चर्चमध्ये गाणी बसवणारे मास्तर म्हणाले, शाईने लाकडाचा आवाज दबतो. मी वैतागून म्हणालो, "अहो, पण ती वाजते कुठे?" त्यावर काका माझ्याशी बोलेनासे झाले. मग एका सकाळी दारात वेलची केळ्यांची फणी ठेवलेली दिसली, तेव्हा कळलं की राग गेला.

त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळाच होता. "सही झाली की ती शोभेची वस्तू झाली. लोक भिंतीला लावतात. मग पोरगा वाजवनार कशी?" म्हणून पावसाळ्यात गिटारच्या पेटीत तांदळाची पुरचुंडी, दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून. रोझीकाकी म्हणायच्या, "आमचे तांदूळ तिलाच जास्त लागतात."

मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर काकींनी मला फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, खायला बोलावलं होतं. तेवढ्यात ग्लेनचा फोन आला. त्याने तिकडेच घर घेतलं होतं. घराच्या खोल्या दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "पप्पा, आता आम्ही इथलेच. ती गिटार कशाला सांभाळता? सह्या घ्या आणि हॉलमध्ये लावून टाका."

"बरं बाळा. घर छान हाय," काका म्हणाले. फोन बंद झाल्यावर त्यांनी एकही फुगा खाल्ला नाही.

शनिवारी ते स्वतःच माझ्या दारात आले. "चल. आज घेतो सही. आता पोरानेच सांगितलंय."

कार्यक्रम संपला, सहीची रांग सरकली. गाणारी मुलगी हसरी होती. तिने गिटार मांडीवर घेतली, मार्करचं टोपण काढलं. "काका, नाव काय लिहू?"

"ग्लेन."

मार्कर लाकडाला टेकणार तोच काकांनी आपला पंजा मध्ये घातला. "नको ताई. राहू दे."

मागचे लोक कुरकुरायला लागले. मलाही त्या क्षणी काकांना उचलून स्कूटरवर ठेवावंसं वाटलं. ती मुलगी मात्र तारांवरून बोट फिरवत होती. "तारा अगदी नव्या आहेत. कोण वाजवतं?"

"कोनी नाय. गंजल्या की मी बदलतो. पोरगा एकदम आला तर..."

तिने मार्कर बाजूला ठेवला. खुंट्या पिळून तारा सुरात लावल्या आणि डोळे मिटून एक लहानसा तुकडा वाजवला. ती गिटार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा आवाज एवढा भरीव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काका तिच्या बोटांकडे बघत होते आणि गालावरचं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मागची कुरकुर थांबली होती.

आम्ही घरी परतलो. काकी दारातच उभ्या होत्या.

"घेतली सही?"

"नाय घेतली. पन रोझे, आज ती वाजली गं."

काकींनी गिटार त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतली. पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "उद्या ग्लेनला सांगते. बरं वाटेल त्याला."

"नको," काका घाईघाईने म्हणाले. "त्याला नको सांगू. उगाच त्याला वाटेल, आपन त्याला बोलावतोय."