मुंजाभाऊंची चौकट

बातमी सांगायला कुणी तोंड उघडलं की जो स्वतःच्या कानात बोटं घालतो, असा वार्ताहर तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल पाहिला, तर पालमला या. एसटी स्टँडच्या समोर रसवंती आहे, रसवंतीवर पत्र्याची एक खोली आहे, आणि खोलीत मुंजाभाऊ आहेत. परभणीहून निघणाऱ्या एका दैनिकाचे तालुका वार्ताहर.

बाजार समितीचं भांडण, रस्त्यातले खड्डे, गावोगावचे सप्ताह, या बातम्या भाऊ दोन्ही कान उघडे ठेवून ऐकतात. पण पोलीस ठाण्यात हवालदार ‘आत्महत्या’ म्हणाला की भाऊ आधीच बजावतात, "कोण ते सांगा, घरी कोण कोण हाय ते सांगा. कसं ते सांगू नका." हवालदाराला कागद पहिल्या ओळीपासून वाचायची सवय. तो वाचत सुटतो. भाऊ दोन्ही कानांत बोटं घालतात आणि त्याच्या ओठांकडे बघत बसतात. ओठ थांबले की बोटं काढून विचारतात, "झालं का? आता पुढचं सांगा." एकदा हवालदारानं थट्टा म्हणून आवाज न काढता नुसतेच ओठ हलवत ठेवले. भाऊ बिचारे बसून राहिले. शेवटी चहावाला आला, त्यानं त्यांचा खांदा हलवला आणि ठाणं हसून हसून बेजार झालं.

मी त्यांच्या हाताखाली बातमीदारी शिकायला गेलो तेव्हा मला हे खुळच वाटलं. लिहायचं नसेल तर लिहू नका, ऐकायला काय जातं, असं मी विचारलं.

"ऐकलं की हातात उतरतं," भाऊ म्हणाले. "हात लय बेइमान हाय."

भाऊंचं काही शब्दांशी उघड वैर आहे. ‘मृत्यूला कवटाळले’ असं कुणी लिहिलं की ते विचारतात, "कामून? मावसभाऊ हाय का त्यो ह्याचा?" ‘जीवनयात्रा संपवली’ दिसलं की म्हणतात, "आसं? मग जत्रेतले पाळणे कधी उठले?" पण त्यांचा खरा राग आहे तो ‘आत्महत्येचा प्रयत्न फसला’ या वाक्यावर. माझ्या पहिल्याच महिन्यात ते माझ्या हातून गेलं. भाऊंनी कागद माझ्यापुढं धरला.

"फसला? वाचला म्हण की लेका. वाचला तर नापास, आन् मेला तर पास, आसं हाय का तुमचं?"

मी ‘फसला’ खोडून ‘वाचला’ लिहिलं.

आणि त्यांची ती चौकट. आत्महत्येची बातमी द्यावीच लागली तर भाऊ चार ओळींत देतात, आतल्या पानावर मागतात, फोटो देत नाहीत, आणि खाली एक चौकट जोडतात: ‘मन जड झालं आहे का? एकटे राहू नका. घरच्यांशी बोला, डॉक्टरांना दाखवा. मदत मिळते, बरं वाटतं.’ परभणीच्या ऑफिसातले लोक जाहिरात आली की आधी ही चौकट उडवायचे. भाऊंनी त्यावर उपाय काढला. ते प्रत्येक बातमीच्या खाली चौकट पाठवायला लागले, म्हणजे दहातली एक तरी लागेल. एके दिवशी घाईत ती लागली. वर बातमी होती, ‘सामुदायिक विवाह सोहळा थाटात संपन्न’, आणि बरोबर तिच्या खाली, ‘मन जड झालं आहे का? एकटे राहू नका.’ नवरदेवांच्या बापांनी भाऊंना स्टँडवर गाठलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "सबूर. सहा महिन्यानं पोरांना दाखवा, कामाला यील."

‘सबूर’ हा त्यांचा ठेवणीतला शब्द. एसटी लेट असो, संपादक चिडलेला असो, मी पेटलेलो असो, भाऊंचं औषध एकच.

मी पेटलेला असायचोच. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मोर्च्याची, सभेची, मागण्यांची. त्यावर मी वाचायला शिकलो, म्हणून माझा मथळा नेहमी आरोळीसारखा यायचा. एक माणूस गेला की मी लिहिणार, ‘व्यवस्थेनं घेतला आणखी एक बळी’. भाऊ ते कापणार. यावरून आमचं कडाक्याचं वाजायचं. मी म्हणायचो, तुम्ही कारण लपवता, म्हणजे गुन्हेगार लपवता. भाऊ म्हणायचे, माणूस एका कारणानं मरत नसतो. तू एकच कारण छापलंस की तेच कारण घरात असलेला दुसरा कुणीतरी ते वाचतो आणि त्याला वाटतं, आपलीही पाळी आली. मला हे पटत होतं आणि पटूनही राग येत होता.

मग बालाजीचा तो दिवस आला.

बालाजी म्हणजे स्टँडमागच्या गल्लीतला उंच, हसरा पोरगा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे गंगाखेड रस्त्यावर धावायचा. निकाल लागला, त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मित्राला एक संदेश पाठवला, मोबाइल खाटेवर ठेवला आणि कुठंतरी निघून गेला. त्या संदेशात माफी मागितली होती, एवढंच सांगतो. मित्र घाबरला आणि त्यानं तो भरतीच्या ग्रुपवर टाकला. चहाच्या वेळेपर्यंत तो सगळ्या पालमच्या मोबाइलवर होता. बालाजीच्या मित्रमंडळातला एक शहाणा तर फ्लेक्सवाल्याकडं फोटो घेऊन गेला, ‘तयारीत असू द्या’ म्हणून. आमच्याकडं वाढदिवस असो की मरण, फ्लेक्सला उशीर झालेला खपत नाही.

बालाजीची आई, रुक्मिणमावशी, पोलीस ठाण्यात तक्रार देऊन आमच्या खोलीचा जिना चढून आली. तिला रडूही येत नव्हतं. भाऊंनी तिला खुर्ची दिली आणि एवढंच विचारलं, अंगात काय घातलं होतं. निळा ट्रॅकसूट, ती म्हणाली. भाऊंनी फोन उचलला.

आमच्या पेपरची एक रीत आहे. गठ्ठे एसटीनं येतात आणि वाटेवरच्या प्रत्येक फाट्यावर आमचा एक एजंट ते उतरवून घेतो. कुणाची पानटपरी, कुणाचं किराणा दुकान. भाऊ एकेकाला फोन लावत गेले. सगळ्यांना तेच सांगितलं: निळा ट्रॅकसूट, उंच पोरगा. दिसला तर एकटं सोडू नका. ‘तूच का तो’ असं विचारू नका. चहा पाजा आणि मला कळवा. पेपर विकणारी माणसं त्या दिवशी बातमी पोटात ठेवून रस्त्याकडं बघत बसली.

एवढं करून भाऊ उठले आणि संतोषच्या मोबाइल दुकानात गेले. मीही मागोमाग. संतोष दुकान सांभाळता सांभाळता बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याचा व्हिडिओ तयार होता. बालाजीचा फोटो, रडवं संगीत, आणि वर लाल अक्षरांत: ‘भरतीत अपयश, तरुणानं संपवलं जीवन?’

"भाऊ, प्रश्नचिन्ह टाकलंय की मी," संतोष म्हणाला.

"त्याची माय प्रश्नचिन्ह वाचंल का?"

"मी न्हाई टाकला तर दुसरा टाकील. व्ह्यूज त्याला जातील. माझ्या पोटावर कामून पाय देताव?"

"सबूर," म्हणून भाऊ गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले ते बसलेच. भांडले नाहीत, उपदेश केला नाही. गिऱ्हाईक आलं की त्यालाच चार गोष्टी सांगू लागले. एका आजोबांना त्यांनी मोबाइलचं कव्हर घ्यायला लावलं, एका मास्तरांना चार्जर. संतोषला व्हिडिओ टाकायला फुरसतच मिळेना. उन्हं कलली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी जावा आता. न्हाई टाकत मी."

"बसू दे रं. मला धंदा जमायलाय," भाऊ म्हणाले. पण तोपर्यंत त्यांची नजर दर मिनिटाला स्वतःच्या फोनकडं जात होती आणि पुढचं गिऱ्हाईक आलेलं त्यांना कळलंही नाही.

मी आतून धुमसत होतो. भरतीच्या जागा, पोरांची फरफट, सगळं माझ्या डोक्यात मथळा होऊन उभं होतं. मी भाऊंना म्हणालो, यावर लिहिलं पाहिजे.

"लिही की. उद्याच लिही. जागा कामून निघत न्हाईत ते लिही, रेटून लिही. पण त्यात बालाजीला मारू नको. अजून जिता हाय त्यो."

फोन आला तेव्हा स्टँडवर शाळेच्या पोरांची गर्दी होती. पोखर्णीचा एजंट बोलत होता. नरसिंहाच्या देवळाच्या पायऱ्यांवर एक निळा ट्रॅकसूटवाला दुपारपासून बसला आहे, आता चहाचा दुसरा कप घेतो आहे, आणि घरी फोन लावायचा म्हणतो आहे. भाऊंनी फोन संतोषच्या हातात दिला आणि काउंटरवर डोकं टेकलं. त्यांची पाठ हलत होती. आम्हाला वाटलं, रडत आहेत. उठले तर हसत होते. रुक्मिणमावशीला सांगायला मी पळत गेलो. बालाजी धावायचा त्यापेक्षा जोरात. फ्लेक्सवाल्याकडून फोटो परत आणला तो संतोषनंच.

नंतर भाऊ बालाजीला आणि मावशीला घेऊन परभणीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं गेले. तिथल्या रांगेवर त्यांनी सणसणीत बातमी दिली ती वेगळीच. औषध, बोलणं, दोन्ही सुरू झालं. काही आठवड्यांनी बालाजी आमच्या खोलीवर आला. संतोषही तिथंच होता. बालाजी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला,

"भाऊ, पोखर्णीला मी त्या पेपरवाल्या काकाचा मोबाइल मागून घेतला. माझं नाव कुठं आलंय का बघायला. आलं असतं तर मी घरी आलो नसतो. सगळ्यांनी मेला म्हणून वाचल्यावर कुठल्या तोंडानं यायचं?"

संतोष खाली बघत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चॅनेलवर भाऊंची चौकट लागायला लागली. रडवं संगीत काढून त्यानं सनई लावली आहे, पण भाऊंची हरकत नाही.

त्या दिवशी बालाजी आणि संतोष गेल्यावर मी भाऊंना विचारलं, परत यायची वाट उघडी ठेवावी लागते, हे तुम्हाला कसं सुचलं?

भाऊंनी खिडकीतून समोरच्या एसटीकडं बोट केलं.

"मी बी असाच परत आलेला माणूस हाय," ते म्हणाले. "बालाजीयेवढाच होतो. सकाळच्या गाडीनं गेलो, संध्याकाळच्या गाडीनं आलो. कुणाला ठाऊकच नव्हतं, म्हणून येणं सोपं गेलं." पुढं म्हणाले, "पण कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी इचारलं बी न्हाई. आजपतुर."

मग मी विचारलं. काय झालं होतं, भाऊ?

भाऊ बोलायला लागले. गंगाखेडची गाडी लागली, भरली, निघून गेली. खालच्या रसवंतीचे घुंगरू थांबले. भाऊ बोलत होते. त्यांनी जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते बातमीसाठी नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला आणि म्हणाले, "लय हलकं वाटायलंय. चल, खाली जाऊन भजे खाऊ."

आता तुमच्याकडं माझं मागणं आहे. असा एखादा संदेश, असा फोटो, असा लाल मथळा तुमच्या मोबाइलवर आला, तर तो पुढं पाठवू नका. त्या घराचं दार वाजवा. आणि हे वाचताना तुमच्या ओळखीतला जो गप्प झालेला माणूस तुमच्या डोळ्यांपुढं आला असेल, त्याच्याकडं आजच जा. काय झालंय ते विचारा. आणि त्याचं बोलून होईपर्यंत तिथून उठू नका.